खालचा आकडा

बाबांनी मला आत्याकडे धाडलं ते तिनं माझं मन वळवावं म्हणून. मी बीएएमएस केलं, डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून चार पावसाळे काढले, आणि आता ती नोकरी सोडून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यायला निघाले होते. बाबांचं म्हणणं सरळ होतं. मंचरला बाजारपेठेत गाळा मिळतोय, दवाखाना टाक. एमपीएच अशी पाटी लावलीस तर ती वाचून कोण आत येणार आहे?

आत्या तेहतीस वर्षं आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम, होती. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या किती वाड्यांना तिचं नाव माहीत नाही, फक्त ‘नर्सबाई’ माहीत आहे. मी पोचले तेव्हा ती ओटीवर बसून बाळहिरडा निवडत होती. पावसाआधी वाळवलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला. खडा एकीकडे, काडी एकीकडे, फळ सुपात. आमच्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी हातात येणारा रोख पैसा म्हणजे हाच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं हिरड्याची झाडं आडवी केली, तेव्हा घराघरात माणूस गेल्यासारखं झालं होतं.

“बस. हात चालव,” ती म्हणाली. मी सूप पुढे ओढलं.

“दोन वर्षं तू पुण्यात. मग लसीकरणाच्या दिवशी इथं कोण बसणार?”

“दुसरं कुणी येईल, आत्या.”

“कधी?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जागा रिकामी झाली की ती किती दिवस रिकामी राहते हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे. तीन हजार हा आकडा कागदावर लहान दिसतो. सात वाड्यांमध्ये विखुरलेली तीन हजार माणसं, मधे ओढे आणि पावसात बंद होणारी वाट, असं असलं की तो मोठा होतो.

“काय शिकवतात तिथं?”

मी सांगितलं. चार सत्रं. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्याचं अर्थकारण, धोरण, पर्यावरण, मग क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. डॉक्टरच असायला हवं असं नाही. दातांचे डॉक्टर, नर्सिंग झालेल्या मुली, समाजशास्त्र शिकलेले, सगळे एका वर्गात बसतात.

“नर्सिंग झालेल्यासुद्धा?” तिचा हात थांबला.

“बीएस्सी नर्सिंग. पदवी लागते. एएनएमला नाही.”

“हं,” ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. त्या ‘हं’मध्ये तेहतीस वर्षं होती.

मग ती मुद्द्यावर आली. “तुम्ही पोरी आता करता काय ते मी बघते की. गरोदर बाई समोर बसलेली, आणि तुमची मान खाली. मोबाइलात भरताय. गरोदर मातांचं एक पोर्टल, साखर-रक्तदाबाचं दुसरं, क्षयरोगाचं तिसरं. रात्री रेंज मिळते म्हणून टेकडीवर जाऊन भरता. मोजणंच मोजणं. आता अजून मोजायला शिकायला जाणार? आमच्या वेळी रजिस्टरं होती, पण बाईच्या तोंडाकडे बघायला वेळ होता. पाय सुजलेत का हे पोर्टलला विचारावं लागत नव्हतं.”

तिची ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे, आणि मी तसं म्हटलं. पण मोजण्या-मोजण्यात फरक आहे, हे तिला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. शेवटी चौथीतलं गणित आठवलं.

“आत्या, अपूर्णांक असतो ना? वर अंश, खाली छेद. पोर्टलमध्ये आपण भरतो तो सगळा अंश. आज किती आले, किती तपासले, किती गोळ्या वाटल्या. वरचा आकडा. खाली काय आहे ते आपल्याला कुणी विचारत नाही. गावात एकूण किती जणांना ताप होता आणि त्यातले किती आले? चाळीस आले म्हणजे चाळीसातले चाळीस आले की चारशेतले? ज्या आल्या नाहीत त्या कुठं आहेत? मला ते शिकायचंय. खालचा आकडा काढायला.”

“त्याला पदवी कशाला? आशाताईला विचार. ती सांगेल कोण आलं नाही ते.”

“वाडीचं सांगेल. तालुक्याचं कोण सांगेल?”

इथं मी जरा लांबलचक बोलले, कारण हे माझ्या मनात किती दिवस घोळत होतं. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मला वरून खाली फाटलेल्या लुगड्यासारखे दिसतात. पश्चिमेला सह्याद्री, धो धो पाऊस, भात, हिरडा, महादेव कोळी आणि ठाकर वाड्या. तिथल्याच नद्यांवर कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव. त्यांचं पाणी कालव्यांनी पूर्वेला जातं. पूर्वेला ऊस, द्राक्षं, नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो. जमिनी बुडाल्या त्या वरच्या लोकांच्या, आणि फेब्रुवारी उलटला की हंडा घेऊन चालतात त्याही वरच्याच बाया. आजारसुद्धा याच पाण्याच्या रेषेवर वाटले गेलेत. पूर्वेच्या उसात बिबट्या आहे, घोणस आहे, आणि हंगामात कोपी घालून राहणारी ऊसतोड कुटुंबं आहेत. त्यांच्या लेकरांचं लसीकरण कुठल्या गावच्या यादीत धरायचं हाच घोळ असतो. पश्चिमेला कुडाच्या घरात रात्री शिरणारी मण्यार आहे, बायांच्या अंगात नसलेलं रक्त आहे, आणि अंतर आहे. हे चित्र एका खुर्चीत बसून, एकामागून एक पेशंट तपासत दिसत नाही. मंचरच्या गाळ्यात तर मुळीच दिसणार नाही. तिथं जो भाडं काढून पोचला तोच दिसेल.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. ती कुणाचंही बोलणं मधे तोडत नाही. मग म्हणाली, “माळीणच्या दरडीत किती गेले?”

“दीडशेच्या वर.”

“तुझ्या तोंडून आकडा आला. बरोबर आहे, सगळे तेच सांगतात. ३० जुलै २०१४, सकाळची वेळ, एसटीच्या ड्रायव्हरला गाव दिसेना म्हणून त्यानं कळवलं. पेपरात सगळं आलं. पण माळीण म्हटलं की मला घरं दिसतात. कुठल्या घराच्या पडवीत चुलीवर सुया उकळल्या, कुठल्या म्हातारीनं मला भाकरीशिवाय सोडलं नाही. एकदा आकडा झाला की माणसं पुसली जातात, पोरी. मला त्याची भीती वाटते. तू चांगली आहेस. तुझं बोट नाडीवर आहे. ते तिथनं उचलून तू कॉम्प्युटरवर ठेवणार.”

मी गप्प बसले. हिरड्याचा तुरट वास बोटांना लागला होता.

थोड्या वेळानं मी आरोळे दांपत्याची गोष्ट काढली. आत्याला जामखेड माहीत होतं, पण त्यामागचं शिक्षण माहीत नव्हतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, मिशन हॉस्पिटलात काम केलं. तेच पेशंट तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतात हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन बसले. दुष्काळी भाग. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या, बहुतेक निरक्षर, आणि त्यांना आरोग्याचं काम शिकवलं. १९७८ मध्ये अल्मा-आताला जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला. त्याच्या आधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं नाव आलं होतं.

“म्हणजे पदवी घेऊनच त्यांना ते सुचलं असं तुझं म्हणणं.”

“पदवीनं वेगळा प्रश्न विचारायला शिकवलं. याला काय झालंय हा डॉक्टरचा प्रश्न. इथल्या लोकांना हे सारखं का होतंय, हा दुसरा.”

“आणि नर्सबाईंचं काय लिहिलंय त्यांनी?” तिनं विचारलं. मी जरा चाचरले. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सबायांनाच गावात पाठवलं होतं, आणि ते जमलं नव्हतं. गावच्या बाया त्यांच्याशी मोकळ्या होईनात, नर्सनाही एकटीनं गावात राहणं अवघड. म्हणून मग गावातलीच बाई. मी ते तसंच सांगितलं, गोड करून नाही.

आत्याला राग आला नाही. “खरं आहे,” ती म्हणाली. “पहिली दोन वर्षं माझ्याशी पण कुणी बोलत नव्हतं. मी इथलीच, तरी पांढरी साडी. आवणीला त्यांच्याबरोबर चिखलात उतरले तेव्हा बोलायला लागल्या.” मग सूप हलवत म्हणाली, “पण एक सांग. ते दोघं अमेरिकेहून परत आले ते कुठं आले? जामखेडला. घर तिथंच केलं. तुझ्या वर्गातली पोरं पदवी घेऊन कुठं जातात?”

याचंही खरं उत्तर द्यायला हवं होतं. काही संस्थांमध्ये जातात, काही दिल्लीला प्रकल्पांवर, काही परदेशी. सरकारी अभियानात घेतलं तर बहुतेक कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर राज्यांनी उभं करावं असं लिहिलंय. लिहिलेलं आणि झालेलं यांत अंतर आहे. जिच्यासाठी पक्की खुर्ची नाही अशी पदवी घ्यायला मी निघाले आहे, हे बाबांचं भय खोटं नाही.

“मी परत येईन,” मी म्हटलं.

“सगळे म्हणतात.”

बाहेर पाऊस सुरू झाला. आम्ही पोती आत ओढली. आत्यानं चहा टाकला, गवती चहा घालून, आणि चुलीजवळ बसल्यावर मी तिला गेल्या आषाढातलं सांगितलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी सातच्या सुमाराला एका वाडीतला नववीतला पोरगा आणला होता. पहाटेपासून पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. घरच्यांनी ओवा दिला होता. रात्री जेवणात काही आलं असेल असं सगळ्यांचं म्हणणं, आणि माझंही तेच झालं. पोट तपासलं, मऊ होतं. पोटदुखीचं इंजेक्शन भरलं. त्याच्या पापण्या मिटत होत्या. रात्रभर झोप नाही म्हणून असेल, असं मला वाटलं. मग त्यानं पाणी मागितलं आणि ते गिळता येईना, नाकातून आलं, बोलणं नाकातून यायला लागलं. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, कुठं झोपला होता? आई म्हणाली, खालीच की, गोधडीवर. मी अंगभर बघितलं. एकही खूण सापडली नाही. मण्यारीची सापडत नाही बऱ्याचदा. दात बारीक, सूज नाही, दुखत नाही, झोपलेला माणूस कूस बदलतो आणि पहाटे पोटदुखीनं उठतो. मी हे वाचलेलं होतं. जीप बोलावली, फुग्यानं श्वास देत निघालो. मोठ्या दवाखान्याच्या अलीकडे तो गेला.

“मला पंधरा मिनिटं लागली, आत्या. पापण्या बघून कळायला.”

तिनं कप खाली ठेवला.

“आणि पुढं ऐक. चिरफाड झाली नाही. घरच्यांनी नको म्हटलं, आणि साप कुणी बघितलेला नव्हता. मृत्यूच्या कारणात लिहिलं गेलं पोटदुखी आणि उलट्या. म्हणजे सर्पदंशानं कुणी गेलंच नाही. आमच्या भागाच्या नोंदीत त्या महिन्यात सर्पदंशाचा मृत्यू शून्य आहे. पुढच्या वर्षी कुणी कागद बघून ठरवेल की तिकडं लसीच्या कुप्या किती लागतात, श्वासाचं यंत्र लागतं का. तो शून्य बघेल.”

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, “तुला पदवी हवी आहे, की त्या पंधरा मिनिटांचं प्रायश्चित्त?”

“दोन्ही असेल.”

“पंधरा मिनिटांसाठी दोन वर्षं लागत नाहीत. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आहेत. किती वर्षं साप चावलेल्यांवरच काम करतात. जा, दोन दिवस त्यांच्याकडे बस, पापण्या बघायला शीक, आणि परत येऊन तुझ्या सगळ्या आशांना शिकव. पुढच्या आषाढात एक पोर वाचलं तर ते तुझ्या प्रबंधापेक्षा मोठं.”

तिच्या या बोलण्याला माझ्याकडे तोड नव्हती आणि आजही नाही. मी जाणार आहे. पण मला जे उरतं ते वेगळं आहे, आणि ते मी तिला सांगितलं. नारायणगावातच सर्पदंशाची लस बनवणारा कारखाना आहे. सापाचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून त्यांची पावडर कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस. तिथं तयार झालेली लस आफ्रिकेतल्या सापांसाठीसुद्धा जाते. आमच्याच तालुक्यांच्या जोडीत औषध बनतं, आमच्याच तालुक्यांच्या जोडीत ते न मिळता पोरगं जातं, आणि कागदावर दोन्हींमध्ये काही संबंधच दिसत नाही. तो संबंध दाखवणं हे एका डॉक्टरचं काम नव्हे.

“देशात हेच झालंय,” मी म्हटलं. “दवाखान्यांच्या नोंदींत सर्पदंशाचे मृत्यू अगदी थोडे दिसायचे. मग महानिबंधकांच्या कार्यालयाबरोबर एक मोठा अभ्यास झाला, दहा लाख मृत्यूंचा. घरोघर जाऊन विचारलं, तुमच्याकडचं माणूस कसं गेलं, आदल्या रात्री कुठं झोपलं होतं, पहाटे काय म्हणालं. त्यावरून २००५ या एका वर्षाचा अंदाज निघाला, सुमारे ४६ हजार. दवाखान्यांच्या आकड्याच्या तीसपटीहून जास्त. पुढं २००० ते २०१९ या वीस वर्षांचा हिशेब झाला, १२ लाख मृत्यू, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यात, बहुतेक घरी. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. ती माणसं आधीही मरतच होती, आत्या. कुणीतरी घरी जाऊन विचारलं म्हणून ती दिसली.”

“घरी जाऊन विचारलं,” ती पुटपुटली. “हे तर आम्ही करतच होतो.”

ती उठली. आतल्या खोलीत पत्र्याची पेटी आहे, तिच्या नोकरीतली. त्यातून तिनं एक वही काढली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीवर खाकी कागद चिकटवलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले. सरकारी रजिस्टर नव्हे. ही तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेली. मी लहानपणापासून ती पेटी बघत आले होते, वही कधी बघितली नव्हती.

तिनं ती माझ्या हातात दिली नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवून पानं उलटली आणि दोन-तीन ठिकाणी बोट ठेवलं. निळ्या शाईतलं तिचं गोल अक्षर. एका ओळीत वाडीचं नाव, घरधन्याचं नाव, आणि पुढं: ‘पाचवी खेप. दवाखान्यात नको म्हणाली. मागच्या वेळी तिथं बोलले होते म्हणून.’ दुसऱ्या पानावर: ‘आषाढ. रात्री जमिनीवर. पहाटे पोटात दुखलं. ओवा. गेला.’ साल वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. मला वाचता वाचता घाम फुटला. तोच ओवा. आणि मग पानंच्या पानं बायांची. अंगावरून जातं, पाठ धरते, बसवत नाही, कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं, नवऱ्याला सांगू नको म्हणाली.

“आत्या, हा खालचा आकडा आहे,” मी म्हटलं. “हे सगळे न आलेले आहेत.”

“रजिस्टरला याचा रकाना नव्हता. मनात राहायचं, झोप यायची नाही, म्हणून लिहायचे.”

“वरती कुणाला दाखवलं?”

“एकदा. साहेब म्हणाले, हे काय, डायरी लिहिता का?”

मी कुठले साहेब ते विचारलं नाही. मी तिला गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग, तेही जॉन्स हॉपकिन्सलाच शिकून आलेले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांना तपासलं. १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच होत्या. तोपर्यंत खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचं बोलणं म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच. पुढं त्याच दोघांनी गावच्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि आज आपल्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ बघायला घरी जातात ते त्यातूनच आलं. “तुझ्या वहीत आहे तेच,” मी म्हटलं. “त्यांनी ते अशा भाषेत मांडलं की दिल्लीला आणि जिनिव्हाला ऐकावं लागलं. वही बोलत नाही, आत्या. तिला बोलतं करायची ती भाषा मला हवी आहे. ही वही मला दे. माझा प्रबंध यावरच करते. तुझं नाव घालून.”

मला वाटलं होतं ती हरखेल. तिनं वही मिटली.

“नाही.”

“का?”

“नावं आहेत यात.”

“नावं काढून टाकू. तसा नियमच असतो. संस्थेची नैतिकता समिती असते, ती आधी सगळं तपासते.”

“समितीला कुठं माहीत आहे, कोणत्या वाडीत पाचवी खेप कुणाची होती? इथल्या माणसानं दोन ओळी वाचल्या तरी ओळखेल. नवऱ्याला सांगू नको म्हणालेली बाई अजून नवऱ्याच्या घरात नांदते आहे. त्या मला बोलल्या, पोरी. सरकारला नाही, विद्यापीठाला नाही. राणीताईंनी काय केलं म्हणालीस? ६५० बायांना विचारलं, मग तपासलं. मी यांना विचारलं नव्हतं की मी लिहून ठेवू का.”

मी चार वर्षं शिबिरांमध्ये संमतीपत्रांवर अंगठे घेतले आहेत. संमती म्हणजे काय ते मला त्या चुलीपुढं कळलं, आणि हे ती पदवी मला शिकवेल की नाही याची आता खात्री वाटत नाही. मी जाणार आहे तो निश्चय बदलला नाही. आत्यानंही तिचं मत बदललं नाही. जेवताना तिनं पुन्हा म्हटलं की तू गेल्यावर या वाड्यांचं कठीण आहे.

भात वाढता वाढता ती म्हणाली, “यातल्या निम्म्या अजून आहेत. विचारायला जाऊ.”

“कधी?”

“उद्या. आहुप्याकडं सकाळची एसटी आहे. एकीला विचारू. ती हो म्हणाली तर तिचं पान तुझं. नाही म्हणाली तर चहा पिऊन परत. मग दुसरी.” मग ताटावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “तिला काय म्हणशील? म्हणून दाखव.”

मी सांगायला लागले. “मावशी, मी एक संशोधन...”

“संशोधन नको.”

“मावशी, मी शिकतेय, त्यासाठी तुमची माहिती...”

“माहिती नको. साधं बोल.”

मी थांबले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. “मावशी, तेव्हा तुम्हाला इतका त्रास होत होता, तर तुम्ही दवाखान्यात का आला नाहीत, ते मला सांगाल का?”

आत्यानं मान हलवली. “असं विचारलंस तर ती मान खाली घालेल. तिला वाटेल तिचंच चुकलं. असं विचार, आम्ही तुमच्यापर्यंत का पोचलो नाही ते सांगाल का.”

मी ते तसं म्हणून दाखवलं. तिनं मला आणखी दोनदा म्हणायला लावलं, आणि मग दिवा मालवून सहाचा गजर लावला.